दिव्यानीच्या पोटातलं

बल्लारपूर, ११ नोव्हेंबर

अश्वजित,

जय भीम. उलट जय भीम तू मनातल्या मनात म्हणशीलच, आईने लावलेली सवय सुटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलंस आणि वर फोनही ब्लॉक केलास. कागद ब्लॉक होत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या गावची आशा सेविका बुधरी काल आमच्या चंद्रपूरच्या हॉस्पिटलात एक पेशंट घेऊन आली होती. तिने तुझ्या दिव्यानीचं सांगितलं. म्हणे दोन घासांवर जेवत नाही, आणि जेवली की ओकते. बरगड्यांच्या खाली मधोमध काहीतरी टणक लागतं. नऊ वर्षांची पोर आणि वजन सहा वर्षांच्या पोरीचं. अंगणात एकटी असली की पोटावर हात ठेवून हळू आवाजात बोलत असते. बुधरीने विचारलं, "कोणासंग बोलून राह्यली वं?" तर म्हणाली, "कोणासंग नाई," आणि चोरी सापडल्यासारखा हात काढून घेतला.

झाडफूक करणाऱ्या तुमच्या पुजाऱ्याने काय सांगितलं ते तू त्या दिवशी अंगणातच सगळ्या आळीसमोर मला ओरडून ऐकवलंच होतंस. त्याने पोरीच्या पोटाला कान लावला आणि म्हणाला, केस आहेत, बाईचे आहेत, लांब आहेत, घरातल्याच बाईनं चारले. घरात एक आपली आई, सत्तरीची, तिचे केस बोटाएवढे. मग राहिलं कोण? नवऱ्याला सोडून आलेली, दवाखान्यात काम करणारी, पोरीची आई खुशबू गेल्यावर दोन महिने तुझ्या घरात राहून गेलेली मोठी बहीण, तू जिला बाई म्हणतोस ती. चेटकीण करायला सगळं सामान तयारच होतं. विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणताना तुझा आवाज लाउडस्पीकरला लाजवतो, आणि लेकीच्या पोटावर राख फुंकायला तुला पुजारी लागतो! लिहितानाही मला राग येतो आहे. पण रागाने पोरीचं पोट बरं होणार नाही.

तिला चंद्रपूरला आण. दुर्बिणीने पोट तपासू. तुला या तपासणीची धडकी भरते हे मला माहीत आहे, खुशबूच्या वेळेस नागपूरला तू खोलीबाहेर चक्कर येऊन पडला होतास. म्हणून काय होतं ते सांगून ठेवते. दहा वर्षं मी हेच काम करते आहे. डॉक्टर नळी धरतात, मी माणूस धरते.

आदल्या रात्री आठनंतर तिला काही खायला देऊ नको. सकाळी पाणीही किती वाजेपर्यंत चालेल ते आमचे डॉक्टर सांगतील, तेवढंच. कोरपन्याचे हरिदासभाऊ "मूठभर चिवड्यानं का होते बाई" म्हणत खाऊन आले होते. नळी घशात गेली आणि तो मूठभर चिवडा माझ्या चपलांवर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी यावं लागलं बिचाऱ्यांना. तेव्हा पुजाऱ्याची राख नको, मुळी नको, तीर्थ नको. मोठ्या माणसांच्या घशात नुसता एक कडू फवारा मारतात, घसा बधिर होतो, थुंकी गिळलेली कळत नाही. लहान मुलांना हाताच्या शिरेतून झोपेचं औषध देतात आणि भुलीचे डॉक्टर उशाशी उभे असतात. डाव्या कुशीवर निजवतात, दातांत प्लास्टिकची कडी बसवतात आणि तिच्यातून नळी आत जाते. जाडीला करंगळीएवढी, टोकाला दिवा आणि कॅमेरा. श्वासाची वाट वेगळी, जेवणाची वेगळी. नळी जेवणाच्या वाटेने जाते, श्वास अडत नाही. आत थोडी हवा भरतात म्हणून पोट फुगल्यासारखं होतं, ढेकर येतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. नंतर घसा एक-दोन दिवस खवखवतो, आणि बधिरपणा उतरेपर्यंत तोंडात काही द्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. कापाकापी काही नाही.

परवा एक आजी मला विचारत होत्या, "आतलं सारंच दिसते का वं? कोणी का खाऊ घातलं, तेबी?" मी म्हटलं, खाल्लेलं दिसतं आजी, भरवणारा हात दिसत नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर त्या दिवशी मी खोलीत असणार नाही. माधवी सिस्टर सगळं बघतील. वचन देते. फक्त पोरीला आण.

तुझी बाई,
रंजीता


चंद्रपूर, २७ नोव्हेंबर

अश्वजित,

तू आलास, तेच मोठं. मुलचेऱ्याची पहिली बस धरून, पोरीला उपाशी ठेवून, मी लिहिलं होतं अगदी तसं. बाकावर माझ्याकडे पाठ करून बसलास. बस, म्हटलं, पाठ तर पाठ.

वचन मात्र मी मोडलं. माधवी सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "पोट्टी टेबलावर चढून नाई राह्यली, आत्या पाहिजे म्हणते." तू ऐकलंस आणि मला अडवलं नाहीस. तोच होकार समजून मी आत गेले.

खोलीत काय झालं ते तुला नीट कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तिने डोक्याचा रुमाल काढला तर खाली नुकतंच भादरलेलं डोकं. मला वाटलं, तुझा किंवा पुजाऱ्याचा उद्योग. ती म्हणाली, "मीच सांगतो बाबाले, काढून दे म्हणून. मले माहे केस नाई पाहिजे." का, ते विचारायला वेळ नव्हता. औषध शिरेत गेलं आणि ती झोपली. कडी बसली, नळी आत गेली. अन्ननलिका गुलाबी, ओली, स्वच्छ. अशी मी हजारो पाहिली आहेत. मग पोटाचं तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं दिवा गेला. डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी नळी मागे घेऊन पाहिली. पुन्हा पुढे नेली, हवा भरली, तेव्हा तो काळोख चमकला. केस होते. एक-दोन नाहीत, पोटभर. इकडून तिकडे गुंडाळलेले, चिकट, गच्च. पोट आकसलं की ते सगळं एकदम हलायचं, झोपलेल्या जनावराची पाठ हलते तसं.

दिव्यानीचा उजवा हात माझ्या हातात होता. गाढ झोपलेल्या पोरीने तो सोडवून घेतला. हात वर गेला आणि बोटं हवेत वरून खाली, वरून खाली फिरू लागली, सावकाश, मध्ये गुंता लागल्यासारखी थांबत. ती कोणाचे तरी केस विंचरत होती. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "औषधानं होतं कधी कधी." होत असेल. दहा वर्षांत मी तरी पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसली. ती मी कोणाला बोलले नाही आणि इथेही लिहीत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, केसांचा गोळा आहे, नळीने निघणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, आजच भरती करा. आणि मग त्यांना वाटलं ते त्यांनी विचारलं, "हिच्या डोक्यावर तर केस नाहीत. मग हे कोणाचे?" तू पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलंस. म्हणालास, "पुजारी बरोबरच बोलला होता." डॉक्टर समजावत राहिले आणि तू सगळ्यांच्या देखत अर्धवट शुद्धीतल्या पोरीला खांद्यावर टाकून निघालास.

तुझ्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. जिन्यापाशी तिचे ओठ हलले. तुला ऐकू गेलं नसेल. ती म्हणाली, "आत्या, तू पाह्यलं ना तिले?"

ही करणी नाही रे. आमच्याकडे पूर्वीही असे गोळे निघाले आहेत. काही मुलं मनाला लागलं की केस खातात. केस पचत नाहीत, साचत जातात. पण या गोळ्याची शेपटी आतड्यात उतरली आणि आतडं अडलं किंवा फाटलं, तर मुलचेऱ्याहून चंद्रपूर गाठेपर्यंत पोर हातची जाईल. तिला परत आण.

तुझी बाई


बल्लारपूर, ३० नोव्हेंबर

अश्वजित,

तुला अर्धं खरं लिहून तीन दिवस मी आरामात जेवले-खाल्ले. आता जेवण जात नाही. उरलेलं अर्धं लिहिते.

पडद्यावर केसांत मला एक निळी चिंधी दिसली. गाठ मारलेली. ती गाठ माझी आहे.

आपल्याकडे विंचरताना निघालेलं गुंतवळ कोणी फेकत नाही. भिंतीच्या सांदीत खोचून ठेवायचं आणि केसवाली आली की तिच्याकडून एखादं गंज नाहीतर पातेलं घ्यायचं. खुशबूचे केस तुला आठवतात, बसायची तर जमिनीला टेकायचे. नागपूरच्या औषधांनी ते मुठीमुठीने गेले. तिने त्यातला एक फेकला नाही, कापडी पिशवीत भरत गेली. मला म्हणायची, "बाई, माह्या दिव्यानीच्या लग्नाची सारी भांडी निघतीन याच्यात," आणि हसायची. टक्कल पडलेलं असताना हसायची. मला तेव्हा तिचा इतका राग यायचा आणि इतकी माया यायची.

ती गेल्यावर महिन्याभराने केसवाली आली. तू शेतात होतास. आईने पिशवी काढून दिली आणि दिव्यानीने ती पोटाशी धरली. आवाज नाही, रडणं नाही, नुसती धरली. दोघींनी ओढली तरी सुटेना. मी केसवालीला हाकलून दिलं. आईशी भांडले. मग पोरीला मागच्या खोलीत नेलं, पिशवीतल्या केसांची एक वेणी घातली, अंगठ्याएवढी जाड, आणि दोन्ही टोकांना खुशबूच्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली. म्हटलं, "ही घे. ही तुझी आईच आहे. कोणाले दाखवू नको, नाईतर आजी विकून टाकन." पिशवी माळ्यावर धानाच्या कोठीमागे लपवली आणि तिला जागा दाखवून ठेवली.

त्या रात्रीपासून पोर शांत झोपायला लागली. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. डॉक्टरांना जमलं नसतं ते मी केलं, असं वाटलं. निघायच्या आठवड्यात एकदा पाहिलं, वेणीचं टोक तिच्या तोंडात होतं. चोखत होती, लहान मुलं अंगठा चोखतात तशी. ओढून काढायला हवं होतं. झोपमोड नको म्हणून मी पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आले.

पुजाऱ्याला कसं कळलं, मला माहीत नाही. ओकारीत एखादा केस दिसला असेल. पण तो बाईचे म्हणाला, घरातल्याच बाईनं म्हणाला, आणि ते खरं निघालं. मी दहा वर्षं दुर्बिणीशेजारी उभी राहणारी बाई, मलाही त्याची भीती वाटते आहे.

म्हणजे तूच चारलेस, असं तू म्हणशील. होय, चारल्यासारखंच झालं. हा कागद तू चावडीवर वाचून दाखवलास तर माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. यापेक्षा कमी पुराव्यावर रुखमा काकूला झाडाला बांधलेलं आपण दोघांनी लहानपणी पाहिलं आहे, तू माझ्या कुशीत तोंड लपवलं होतंस. तरी लिहिते. वाचायचा असेल तर वाच. मला चेटकीण म्हण, आयुष्यभर तोंड बघू नको. पण पोरीला घेऊन ये. आणि हे वाचल्या वाचल्या आधी माळ्यावर चढ. कोठीमागची पिशवी बघ. तिच्यात काही उरलं असेल तर पोरीच्या हाताला लागू देऊ नको.

रंजीता


चंद्रपूर, ८ डिसेंबर

अश्वजित,

फोन लावून पाहिला. ब्लॉक काढलास हे कळलं, पण तिकडे रेंज नाही. बुधरी दोनच्या बसने परत निघाली आहे, तिच्या हाती हे देते. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

परवा तू पोरीला घेऊन वॉर्डाच्या दारात उभा राहिलास. तू ती पिशवी माझ्या हातात दिलीस. मी उलटी करून झटकली. एक केस पडला नाही. तू म्हणालास, "कागद मी कोणालेच नाई दाखवला, बाई." एवढंच. तोवर माधवी सिस्टर भरतीचे कागद घेऊन उभ्या होत्या.

काल दुपारी गोळा निघाला तेव्हा मी आत नव्हते. नंतर ट्रे पाहिला. पोटाच्याच आकाराचा, तसाच वळलेला, आणि त्याला हातभर शेपटी. आतड्यात उतरलीच होती. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर सांगता येत नव्हतं. दोन्ही चिंध्या तशाच होत्या, गाठी सुटलेल्या नव्हत्या. तू ट्रेसमोर किती वेळ उभा होतास. मग म्हणालास, "हे मले पाहिजे. तिच्यापाशी नेऊन गाडतो." डॉक्टरांनी तपासणीपुरता तुकडा ठेवून घेतला आणि तुझी सही घेऊन बाकीचं डब्यात बंद करून दिलं. आज सकाळी स्टँडवर मी तुला सोडायला आले. तू डबा मांडीवर घेऊन बसलास. कंडक्टरने विचारलं, "का आहे भाऊ? वर ठेवा ना." तू म्हणालास, "राहू द्या, घरचंच आहे." बस वळेपर्यंत मी तिथेच उभी होते.

दिव्यानी अकरा वाजता नीट जागी झाली. नाकात नळी, पोटावर पट्टी. ताप नाही, नाडी चांगली, काळजी करू नको. डोळे उघडल्यावर तिने पाणी मागितलं नाही, तुलाही हाक मारली नाही. हात पोटावर नेला. टाक्यांच्या कडेकडेने चाचपलं, जिथे टणक लागायचं तिथे. मग हात तसाच ठेवून ती पडून राहिली. मी ओठ ओले करायला वाकले तर मला हाताने थांबवलं. काहीतरी ऐकत होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "आत्या, आई बोलून नाई राह्यली."

मी विचारलं, "का बोले ती तुले?"

"जेवू नको म्हणे. तू जेवली का मले जागा नाई पुरत म्हणे."

अश्वजित, तुझ्या अंगणात, तुझ्या डोळ्यांदेखत, ती पोर पोटावर हात ठेवून हे ऐकत होती. आईला जागा व्हावी म्हणून ताटावरून उठत होती. आणि तू पुजारी बोलावत होतास, मी तुला पत्रांतून टोमणे मारत होते.

"कुठी गेली मंग?" तिने विचारलं.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, बाबा घेऊन गेले, ठेवली आहे जपून. बोलायला सोपं होतं ते, आणि ऐकून ती शांतही झाली असती. मग बरी झाली की पहिली तुझ्या मागे लागून माती उकरायला गेली असती. मी तिचा हात पोटावरून काढून माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "मेली वं बाई. दोन वर्षं होऊन राह्यली. आत तिचे नुसते केस होते. ते डॉक्टरनं काढले. आत कोणी नाई आता."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण सगळे कौतुक करायचो, आठवतं ना, केवढी समजूतदार पोर, आई गेली तरी एकदा रडली नाही. माती देताना नाही, तेराव्या दिवशी परित्राणपाठाला नाही, कधीच नाही. आज तिने तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो ऐकून सगळा वॉर्ड उठून बसला. सिस्टर पळत आल्या, टाके तुटतील, गप्प करा म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, टाके मी धरते, तिला रडू द्या.

मी दोन्ही हातांनी तिचं पोट धरून बसले आहे. हे शेवटचं पान बुधरीला सांगते आहे आणि ती लिहिते आहे. पोर अजून थांबलेली नाही. आता तुला हाक मारते आहे, बाबा, बाबा म्हणून. माती टाकून झाली की घरी जाऊ नको, तसाच बस धरून ये.

बाई